अकरावा बदाम

बदामाची पानं लाल होतात ती पौष-माघात. नेरूळच्या कॉलेजात बावीस वर्षं मी हेच शिकवतो आहे. पानातला हिरवा रंग उतरतो, लाल तयार होतो, मग पान गळतं. यात गूढ काही नाही. परीक्षेत चार मार्कांना येतं.

तळवलीत आमच्या सोसायटीच्या गेटपासून खाडीकडे जाणाऱ्या रस्त्याला देशी बदामाची अकरा झाडं आहेत. यंदा भाद्रपदात, गौरी-गणपती जेमतेम आटोपले होते, तेव्हा खाडीकडचं पहिलं झाड लाल झालं. एखादं पान नव्हे, अख्खं झाड. दुसऱ्या दिवशी दुसरं. मग रोज एक, गेटच्या दिशेनं.

कारण मी शोधलंच. बुंध्यांना गळ्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवलेत, मुळं गुदमरतात. सोसायटीच्या सेक्रेटरींना तसं ऐकवलंही, जरा जास्तच ऐटीत. माती तपासली, तिच्यात मीठ नव्हतं. एक पान चुरगळून जिभेला लावलं तर खारट लागलं. हाताला घाम असेल म्हणून सोडून दिलं.

माझे वडील कमळाकर ब्याऐंशी वर्षांचे. आज जिथे सोसायटी आहे, तिथे आमची खारजमीन होती. खाडीचं पाणी बांधानं अडवून आत भात पिकवायचं. बांधाला खांड पडली की अख्खा गाव चिखल घेऊन धावायचा, कारण खारं पाणी शिरलं की उभं भात दोन दिवसांत लाल व्हायचं. आठवं झाड लाल झालं त्या सकाळी बाबा आपल्या खोलीच्या गॅलरीत उभे होते.

"खांड गेली," ते म्हणाले. "पानी आत येतंय."

"बाबा, पानी कुठं हाय? रस्ता कोरडा हाय."

"आदी भात लाल व्हतं. पानी मंग दिसतं."

तेव्हापासून ते रोज उजाडताच घमेलं घेऊन खाडीवर जायचे, चिखल आणायचे आणि आठव्या झाडापाशी रस्त्यावर आडवा थापायचे. अंगठ्यानं कडा दाबून, अगदी निगुतीनं. असे नऊ दिवस. नऊ दिवस नववं झाड हिरवंगार राहिलं. मी वहीत तारखा टिपल्या आणि पुढे 'योगायोग' असं लिहिलं. खरं सांगायचं तर तो शब्द मी दोनदा गिरवला.

दहाव्या दिवशी ते आपल्याच चिखलावरून घसरले. कपाळाला खोक पडली. सेक्रेटरींनी चिखलाचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. काळजीपोटी बाबांना खोलीत ठेवलं, असं मी सगळ्यांना सांगितलं. काळजी होतीच, पण आधी लाज वाटली होती. त्यांच्या दाराला बाहेरून कडी मी स्वतः बसवली.

"निकेश, दार उघर."

"बाबा, हाड मोडंल."

"माजं मोडू दे. घरात पोर हाय."

पोर म्हणजे माझी मनस्वी, नऊ वर्षांची. मी कडी काढली नाही.

दुसऱ्या दिवशी नववं झाड लाल झालं. मग दहावं. अमावास्येच्या सकाळी अकरावं, ज्याच्या फांद्या बाबांच्या गॅलरीला टेकतात. त्या दिवशी मोठं उधाण होतं, भरती दुपारी एकला. माझी बायको भावना हिनं अकराला त्यांना जेवण दिलं, कडी लावली आणि ती बँकेत कामाला गेली. मनस्वी शाळेत होती.

मी चारला परतलो. कडी काढली. दार हलेना.

खांदा लावला. खालून काहीतरी ओलं सरकलं.

बाबा दाराकडे तोंड करून बसले होते. दोन्ही तळवे जमिनीला टेकलेले. अंग गार पडलं होतं.

दाराखालच्या फटीला आतून, चौकटीच्या या बाजूपासून त्या बाजूपर्यंत, वीतभर उंच बांध घातलेला होता. कडा अंगठ्यानं दाबलेल्या. मधोमध माझ्या धक्क्यानं तो फुटला होता.

तुळशीच्या कुंडीतली माती उपसली असेल म्हणून गॅलरीत पाहिलं. कुंडी काठोकाठ भरलेली होती, माती तांबडी. बांधाचा चिखल काळा, चिकट, खाडीकाठच्या खाजणाच्या वासाचा होता.

फरशी कोरडी. चादर कोरडी. बाबांचे कपडे कोरडे.

डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसात पाणी झालं होतं, या वयात होतं असं. मी मान हलवली. तो चिखल मीच फडक्यानं पुसून काढला, लोक भेटायला यायच्या आत.

बाराव्याला पाहुणे पांगल्यावर त्या दारासमोर बसलो होतो, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. पाणी अडवायचं तर बांध पाण्याच्या वाटेवर घालतात. बाबांनी तो दाराला आतून घातला होता. पाणी त्यांच्या बाजूला होतं. दाराच्या अलीकडे आम्ही होतो. मी त्यांना कोंडलं, आणि कोंडलेल्या माणसानं आमच्यासाठी शेवटची खांड बुजवली. ती मी खांद्यानं फोडली. मला तसा चिखल थापता येत नाही. मी रोज पहाटे खाडीवरून चिखल आणून त्या दाराशी प्रयत्न करतो. तो वाळतो आणि सुटून येतो.

मनस्वीच्या खिडकीत कढीपत्त्याची कुंडी आहे. कढीपत्ता पिवळा पडतो, लाल होत नाही. हेही मी शिकवतो.

आज सकाळी तिनं कढीपत्त्याचं एक लाल पान माझ्या हातावर ठेवलं आणि ती आपल्या खोलीकडे परत निघाली. दारापाशी थांबून तिनं दोन्ही हातांनी पायजमा घोट्यांच्या वर उचलून धरला, मग आत पाऊल टाकलं.

फरशी कोरडी होती.