चहादाणीवरचं नाव

आयुष्यभर लोकांची चांदी घासून घासूभाऊ स्वतःच इतका गुळगुळीत झाला होता, की बायको जाऊन तीन महिने उलटले तरी अंगावर दुःखाचा ओरखडा दिसेना. जेव म्हटलं की जेवायचा. झोप म्हटलं की झोपायचा.

अशा माणसाच्या दुकानात थोरली वहिनी भरदुपारी त्याच्याच कपाटातली चहादाणी घेऊन आली. बायकोची. जुनी, चांदीची, घाटदार पोट, बदकाच्या मानेसारखी तोटी, पोटावर अख्खं दुकान वाकून दिसे. अशा चहादाणीपुढे भलेभले विरघळतात. वहिनी तर चहासुद्धा पीत नव्हती, तरी तिला ती हातातून ठेववेना.

"भाऊजी, चिमीला लग्नात देते. वरचं तेवढं नाव घासून टाका. नव्या नवरीच्या हातात वारलेल्या बाईचं नाव बरं नाही."

"काढतो." पुतणीवर त्याचा जीव होता. म्हणजे, पूर्वी.

त्यानं कानस लावली, मग चकाकीसाठी बफाचं चाक फिरवलं. बायकोचं नाव भुगा होऊन मांडीवर पडलं. त्यानं झटकलं.

आता शेवटची परीक्षा. चांदी लबाड असते; कोरलेलं नाव कितीही घासा, ती धरून ठेवते. तोंडाजवळ नेऊन 'हा' केलं, की वाफेत पुसलेली अक्षरं उठतात. उठली, की पुन्हा घासायचं.

त्यानं 'हा' केलं. अक्षरं उठली. दोनच.

चिमी.

तिचं नाव या भांड्यावर कुणी कोरलंच नव्हतं. मग पुसलं कुणी...?

"बघू, बघू!" वहिनी वाकली. "अगंबाई, नवं नाव घातलंत पण? पुसटच आहे हो. पण चालेल, गुपित राहील!"

"वहिनी... ही देऊ नका तिला."

"का? जीव अडकलाय होय?"

"तसं नाही... चांदीवर वाफेनं जे उठतं ना, ते पुसलेलं..."

पुढचं सांगायला अंगात थोडी तरी भीती लागते. त्यानं शोधली, सापडली नाही. तोवर वहिनी चहादाणी उचलून हसत रस्ता ओलांडून गेलीसुद्धा.

पलीकडे चिमी उभी होती. तिनं चहादाणी दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि काकाला मान डोलावून दाखवली. त्यानंही डोलावली.

ऊन रणरणत होतं. चहादाणीत पाण्याचा थेंब नव्हता. तरी तोटीतून वाफ निघत होती. थोडी निघे... थांबे... पुन्हा निघे. शेवटच्या आठवड्यात बायको असाच अडखळत श्वास घ्यायची.