रिमवीदस, नुसतं बघू नकोस!

पाइनच्या जंगलात वाकून अळंब्या शोधत मागे सरले आणि थेट कुणाच्या तरी पाठीवर आदळले! वळून बघते तर केसांवर पावसाचे थेंब, हातात गच्च भरलेली टोपली... आणि माझ्यावर खिळलेले दोन करडे डोळे.

"कुठं मिळाल्या एवढ्या?" मी मुद्दामच विचारलं. आमच्या झुकियाच्या जंगलपट्ट्यात माणूस एक वेळ घराची किल्ली देईल, पण अळंब्यांची जागा? घरच्यांखेरीज कुणाला नाही!

"जंगलात."

"अगं बाई! मला वाटलं, समुद्रात. नाव तरी सांगशील, की तेही लपवलंयस?"

"रिमवीदस. एक आजोबा रिमान्तस, दुसरे तौतवीदस. नातवाला आपलंच नाव हवं म्हणून दोघांची जुंपली. आईनं अर्धं-अर्धं घेतलं. रिम म्हणजे शांत, वीद म्हणजे बघणं."

"म्हणजे शांतपणे बघणारा! बघतोयस खरा..."

तो कानापर्यंत लाल झाला. आणि मी, वाइवा, अळंब्या खरेदीच्या टपरीवर तराजू धरणारी... मनाशी पक्कं केलं, की हाच!

मग तो रोज टपरीवर यायचा. टोपली ठेवायचा, बघायचा, जायचा. महिनाभर! शेवटी त्याची आईच येऊन म्हणाली, "वाइवा, रविवारी नॉर्वेला चाललाय हा. मासळीच्या कारखान्यात, दोन वर्षं. तुझ्यासाठी उसासे टाकतो, पण मिठाची गुळणी धरून बसलाय मेला!"

शनिवारी टपरी बंद केली नि त्याच्या दारात उभी राहिले. "आज बोलल्याशिवाय सोडणार नाही तुला."

तो नुसताच चालू लागला. मी मागोमाग. दलदलीपलीकडे तो थांबला. शेवाळात पिवळ्याधमक अळंब्या... नजर जाईल तिथं!

"रिमवीदस... ही तर—"

"बाबांनी दाखवलेली जागा."

"घरच्यांनाच दाखवतात ना?"

त्यानं होकारार्थी मान डोलावली.

"मान नको, तोंड उघड! दोन वर्षं मी कशाच्या जिवावर काढू?"

"भीती वाटते गं. तू नाही म्हणालीस तर... मला पुन्हा इथं पाऊल टाकवणार नाही."

"नाही म्हणायला तू विचारलंयस कुठं?"

त्यानं टोपी काढली, माझे हात धरले. "वाइवा... लग्न करशील माझ्याशी? नॉर्वेला येत नाही म्हणून कळवतो मी."

"मुळीच कळवायचं नाही!"

त्याचा चेहराच उतरला.

"अरे वेड्या, तू उद्या जा, दोघांपुरती खोली बघ," मी म्हटलं. "महिन्याभरात मी येतेय." आणि मीच त्याला जवळ ओढलं.