नागनाथची लाल रेघ

माझ्या धाकट्या बहिणीचा गिरीराज लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. गेल्या डिसेंबरात, अकरा तारखेला, गुरुवारी रात्री तो जयनगरच्या एका सातमजली इमारतीत एन्कोडर बदलायला निघाला. दिवसा माणसं लिफ्ट मोकळी ठेवत नाहीत, म्हणून असली कामं रात्रीच. जाताना माझ्याकडं थांबला, उभ्याउभ्या तांदळाच्या दोन अक्की रोट्या खाल्ल्या, चटणीला मीठ जास्त झालंय म्हणून मलाच बोलला आणि गेला.

"आजी, एन्कोडर म्हणजे काय?" असं माझ्या नातीनं, भव्यानं, तेव्हाही विचारलं होतं. गच्चीवरच्या खोलीत मोटर असते. तिच्या शेपटाला लाडवाएवढी डबी असते. मोटर फिरली की ती डबी फेरे मोजते, आणि त्या मोजणीवरून लिफ्टला कळतं आपण कुठल्या मजल्यावर आहोत. मोजणी चुकली की लिफ्ट मजल्याच्या चार बोटं वर थांबते, नाहीतर वीतभर खाली.

"मग डबी बदलायची. त्यात काय एवढं?" नातू रणवीर म्हणाला.

"त्या लिफ्टची तीनदा बदलली होती, राजा. आता ऐक."

आधी नागनाथचं सांगते. गिरीला काम शिकवलं ते नागनाथनं. डबी बसवली की मोटरचा दांडा आणि डबी जोडणाऱ्या स्क्रूवरून तो नखाला लावायच्या लाल रंगाची एक रेघ ओढायचा. स्क्रू सैल होऊन डबी सरकली तर रेघ तुटलेली दिसते, लगेच कळतं. बाटली बायकोची, शालनची. ती चिडवायची, "माझ्या बोटांना एकदा तरी लावलात का?" नागनाथची रेघ म्हणजे काम पुरं झालं, असं सगळे समजायचे.

आणि दुसरी रीत. एक माणूस लिफ्टखालच्या खड्ड्यात, एक वर मोटरपाशी. वरच्यानं ओरडून विचारायचं, "सरी, अण्णा?", म्हणजे ठीक ना. खालचा बाहेर येऊन "सरी" म्हणेल, तेव्हाच लिफ्ट हलवायची. नाहीतर नाही.

उगादीनंतरच्या, म्हणजे पाडव्यानंतरच्या, आठवड्यात, त्याच इमारतीत, नागनाथ खड्ड्यात होता. वर गिरी. पॅनेलवरचा आकडा सांगत होता की लिफ्ट तिसऱ्यावर आहे. गिरीला घाई. तिसऱ्यावरून पहिल्यावर आणली तर खालच्या माणसाला काय होणार? त्यानं विचारलंच नाही. आकड्यावर विश्वास ठेवला.

आकडा खोटा होता. डबी सरकलेली. लिफ्ट थेट खाली आली. नागनाथ तेव्हा शिडीवर होता, अर्धा आत, अर्धा बाहेर…

कंपनीनं कागदावर लिहिलं, माणूस पिऊन खड्ड्यात उतरला. नागनाथ पानसुद्धा खायचा नाही. खाली साक्षीदार म्हणून सही कुणाची? गिरीची. तेव्हापासून शालनची पोर, मनस्विनी, शाळेत वडिलांचं नाव काढत नाही. हे सगळं गिरीनं आठ महिने पोटात ठेवलं. मलाही त्या रात्रीपर्यंत ठाऊक नव्हतं.

तर गुरुवारी गिरी तिथं पोचला. जोडीचा माणूस होसकोट्याच्या कामावर अडकला होता, म्हणून एकटाच. लिफ्ट सहाव्यावर उभी केली, दारांना पाट्या लावल्या, वर गेला. वायर तपासली, अर्थिंग तपासलं. नवी डबी बसवली, स्क्रू आवळला. रेघ ओढली नाही. नागनाथ गेल्यापासून त्याचा हात तिथं जात नव्हता.

पावणेएक झाला.

ब्रेक लागलेला. मोटर गार. दोर स्थिर. आणि पॅनेलवरचा आकडा सहाचा पाच झाला.

गिरीला वाटलं, वायरमध्ये कुठून तरी करंट शिरतोय. होतं असं. त्यानं वायर काढून हातात धरली.

चार.

वायर हातात होती. डबी पॅनेलपासून तुटलेली. तरी मोजणी चालू.

तीन… दोन… सावकाश. माणूस जिना उतरावा तशी.

एक. मग शून्य. शून्य म्हणजे तळमजला. त्याच्या खाली मजलाच नाही. खाली फक्त खड्डा.

आकडा शून्याच्याही खाली गेला, आणि थांबला.

गिरी दोरांच्या भोकापाशी गुडघ्यावर बसला. खाली अंधार. सात मजले अंधार. कुणाचा आवाज नाही. पण कुणीतरी वाट बघतंय, एवढं त्याला कळलं. कशाची, तेही कळलं.

त्यानं विचारलं. आठ महिने उशिरानं.

"सरी… अण्णा?"

…

काही नाही.

"अण्णा, सरी?"

…

पहाटे साडेपाचपर्यंत तो तिथंच बसला. उत्तर आलं नाही. आकडाही हलला नाही.

सहाला माझ्या दारात. चेहरा राखेसारखा. सगळं सांगून टाकलं. मी चहा पुढं केला, त्यानं हात लावला नाही.

"मावशी, मी काय करू?"

"मला सांगून काय होणार? शालनकडं जा."

गेला. शालन दारात रांगोळी काढत होती. तिनं खाली बघतच सगळं ऐकलं. रडली नाही. एवढंच म्हणाली, "ते म्हणायचे, गिरीचा हात चांगला आहे, पण तो थांबत नाही." मग रांगोळीचा डबा बंद केला. "मला सांगितलंस ते बरं केलंस. पण मी कुठं म्हटलं होतं ते प्यायले होते म्हणून? ज्यांनी लिहिलं त्यांना सांग."

"अक्का, नोकरी जाईल. केस होईल."

ती आत निघून गेली.

गिरी दिवसभर नुसता फिरला. शनिवारी दुपारी, भर उन्हात, राहिलेलं काम उरकायला पुन्हा त्या गच्चीवर गेला. खोलीला कुलूप होतं, किल्ली त्याच्याच खिशात. आत डबी त्यानं सोडली होती तशीच.

तशीच नाही.

दांड्यावर लाल रेघ होती. दांड्यापासून निघालेली, स्क्रूपर्यंत आलेली, आणि तिथंच थांबलेली. डबीवर काही नाही. अर्धीच.

त्यानं बोट लावलं. ओली.

शालनला फोन केला. ती म्हणाली, बाटली कपाटात आहे, सुकून खडा झालीय, झाकणसुद्धा उघडत नाही.

गिरी तसाच माझ्याकडं आला. उजव्या हाताचं बोट पुढं धरून, जसं काही त्याला कापलंय. मला वाटलं रक्त. मी पदरानं पुसलं. रक्त नव्हतं.

"मावशी," तो म्हणाला, "घरात कोरा कागद आहे?"

भव्या, तुझ्याच वहीतली पानं फाडून दिली मी. तू ओरडलीस माझ्यावर, आठवतं? चार पानं लिहिली त्यानं. खाली सही केली. सोमवारी कंपनीत देऊन आला. आता घरी बसून आहे, पुढं काय होईल ते होईल. त्या खोलीत तो परत गेला नाही. रेघ पुरी झाली की नाही, मी त्याला विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका.

ती साडी मात्र मी अजून नेसते. तीनदा सोड्यात भिजवली, एकदा धोब्याला दिली.

दिवा जरा इकडं कर, रणवीर. हा डाग बघ, पदराच्या काठापाशी.

हात लाव… वाळलाय का?