साडेसहा सेंटिमीटरचा पाय

ही गोष्ट घडलेली आहे. सांगणारी जेसिता सिस्टर हजेरीपुस्तकातसुद्धा खोटं लिहीत नाही, आणि सरकारी नोकरीत असा माणूस शोधावा लागतो.

सॉलोमन बेटांमधलं मलैता. ऑगस्टातला मंगळवार. भर दुपार.

किनाऱ्यावरच्या दोन खोल्यांच्या दवाखान्यात ॲनिस बाळंत झाली. मुलगी. अगदीच लहानखुरी.

दिवस भरले होते की नाही?

वजनकाटा मोडलेला. तारखा तिथे कोणी लिहून ठेवत नाही. सिस्टरकडे उरली प्लास्टिकची पट्टी. टाचेपासून अंगठ्यापर्यंत तळपाय मोजायचा. साडेसात सेंटिमीटरच्या आत भरला, तर बाळ अपुऱ्या दिवसांचं समजून मोठ्या दवाखान्यात न्यायचं. होडीने तीन तास.

आणि समुद्र खवळलेला.

"पट्टीला काय कळतंय?" सासू कोइना म्हणाली. "आपण जंगली बदाम फोडत होतो तेव्हा हिला उलट्या सुरू झाल्या. मोज की बोटांवर! भरलेत दिवस."

"मागच्या वेळीही भरलेच होते ना, आई?" ॲनिस भिंतीकडे बघत म्हणाली.

दोन वर्षांपूर्वी कोइनाच्याच बोटांवर विसंबून घरी ठेवलेला नातू दुसऱ्या दिवशी गेला होता.

बाळ आईच्या छातीशी, कापडात गुंडाळलेलं. ऊब जाऊ नये म्हणून सिस्टर कापड सोडत नसे. आत हात घालून एक पाय तेवढा बाहेर ओढायचा, ही तिची रीत.

तिने पाय ओढला.

साडेसहा.

"सालेवाओ, होडी काढ!" ती खिडकीतून होडीवाल्याला ओरडून म्हणाली.

"या लाटांत? सिस्टर, माझी बायको अजून तरणी आहे हो!"

"तिला दुसरा मिळेल. काढ!"

लिहिण्याआधी पुन्हा मोजायचं, हा नियम. तिने परत हात घातला.

पावणेआठ...

"बघ! सांगितलं नव्हतं?" कोइना म्हणाली.

सिस्टरला तिचं ऐकू आलं नाही. मघाचा पाय गार होता... हे तिच्या आत्ता ध्यानात येत होतं.

तिने कापड पूर्ण सोडलं.

मुलीचे दोन्ही पाय मोजले. पावणेआठ. पावणेआठ.

बाकी काहीच नव्हतं... फक्त ॲनिसच्या पोटावर, एका कडेला, इवलासा ओला ठसा. पाच बोटांचा.

"दिवस भरलेत," सिस्टर कशीबशी म्हणाली. "होडी नको."

ॲनिसने उशाखालून एक जुनं फडकं काढलं आणि पुढे धरलं.

"मग त्याला तरी न्या, सिस्टर... मागच्या वेळी कोणी नेलं नव्हतं."

कोइनाने उठून दार उघडून धरलं.

फडकं रिकामं होतं, हे सिस्टर आजही ठासून सांगते.

मात्र किनाऱ्यापर्यंत तिने ते तान्ह्याच्या मानेखाली देतात तसा हात देऊन का नेलं, असं विचारलं, की ती उठते आणि चहा ठेवायला आत जाते.