उत्तरेचं दार

नानासाहेब कुठल्याही प्रवासाला निघण्याआधी तो प्रवास घरात एकदा करून पाहत. परक्या गावात बावळटासारखं उभं राहणं त्यांना मान्य नव्हतं. सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात नकाशे काढण्यात गेलेली. हंपी असो की हळेबीड, निघण्याआधी पंधरवडाभर पुण्याच्या फ्लॅटमध्ये रोज संध्याकाळी ते बायकोला, शकुंतलाबाईंना, घेऊन फिरत. हा गोपुराचा दरवाजा, ही डावीकडे पुष्करणी, इथे चपला काढायच्या. शकुंतलाबाई मोरीपाशी थांबत आणि म्हणत, "तुमच्या पुष्करणीचं पाणी गेलंय हो."

२००७ साली दोघं लेकीकडे, मृणालिनीकडे, न्यूझीलंडमधल्या लोअर हटला आले ते बीजिंगचं ठरवूनच. परतीच्या वाटेवर तिथे उतरायचं, पुढच्या वर्षीच्या ऑलिम्पिकची गर्दी व्हायच्या आत. मृणालिनीचं घर लांबट होतं. पुढच्या दारातून शिरलं की हॉल, मग जेवणघर, बोळ, लाँड्री आणि मागचं दार, सगळं एका रेषेत. नाना बॅगा ठेवायच्या आधीच खूश झाले.

"अगं, ही तर बीजिंगची निषिद्ध नगरीच बांधलीय तुम्ही. सम्राटाचंही असंच. दक्षिणेकडून शिरायचं, एकामागून एक महाल, शेवटी बाग, आणि उत्तरेच्या दारातून बाहेर."

"आणि सम्राटाचे कपडे कुठे धुवायचे, बागेत?" शकुंतलाबाईंनी विचारलं.

तालीम सुरू झाली. "पाय उंच. तिथले लाल लाकडी उंबरे गुडघ्याएवढे आहेत. उंबऱ्यावर पाय पडता कामा नये."

"तो आमच्याकडेही पडत नाही."

"आणि एक ध्यानात ठेव. उत्तरेच्या दारातून एकदा बाहेर पडलं की परत आत घेत नाहीत."

मे महिन्यातल्या एका दुपारी नाना खुर्चीत बसल्या बसल्या गेले. चष्मा डोळ्यांवर आणि मफलर गळ्यात तसाच होता. पुढचं सगळं मृणालिनीनं केलं. फोन, दाखले, भारतातल्या नातेवाइकांना कळवणं, तिकिटं रद्द करणं. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं नाही. रडायला बसले तर आईकडे कोण बघणार, असं तिला वाटत राहिलं, आणि मग ते राहूनच गेलं. आईला तिनं ठेवून घेतलं.

जूनच्या सुरुवातीला आईनं तालीम पुन्हा सुरू केली.

ओट्यापाशी उभ्या असलेल्या मृणालिनीनं ती पाहिली. आईनं निऱ्या चिमटीत धरल्या, सपाट दारात पाय चांगला वर उचलला आणि पलीकडे टाकला. उजव्या बाजूला तिनं एका माणसाची जागा सोडली होती. दुःख आपली वाट आपण शोधतं, हे मृणालिनीनं पुष्कळ ठिकाणी वाचलं होतं. नवरा देवव्रत ऑकलंडला, पेनरोज भागातल्या एका डेपोत नोकरीला, त्याला तिनं फोनवर सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "करू दे गं. बाबा गेल्यावर माझी आई वर्षभर दोघांचा चहा टाकायची."

पण नानांची तालीम रोज पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत जायची. आईची तशी जात नव्हती. पहिला आठवडा ती पुढचं दार आणि हॉल, एवढंच फिरली. दुसऱ्या आठवड्यात जेवणघरात आली. जिथे आदल्या दिवशी थांबली, तिथूनच दुसऱ्या दिवशी निघायची. ही तालीम नव्हे, हे मृणालिनीच्या हळूहळू लक्षात आलं.

"ऊन फार आहे तिथे," एका संध्याकाळी जेवताना आई म्हणाली. "एवढं मोठं अंगण, पण एक झाड म्हणून नाही. फरशी नुसती भाजते."

बाहेर दक्षिणेचा बर्फगार वारा सुटला होता. काचांवर पाऊस आडवा आपटत होता.

सिद्धीनं, मृणालिनीच्या मुलीनं, वाकून आजीची मान पाहिली. "आजी, डिड यू गो टू द बीच? यू आर सो बर्न्ट."

"गेले होते ना. तुझे पोहायचे टॉग्ज घालून," आजी म्हणाली, आणि दोघी हसल्या.

रात्री मृणालिनीनं आईच्या मानेला क्रीम लावलं. कातडी गरम होती. अंबाड्याखाली लालसर पट्टा होता, पदराच्या कडेपाशी नेमका संपलेला. न्यूझीलंडमध्ये तेव्हा ऐन हिवाळा होता आणि आई तीन दिवसांत घराबाहेर पडली नव्हती.

मग आईच्या बोलण्यात पाकोळ्या आल्या. "किती गं पाकोळ्या. त्या उंच दरवाजांच्या आढ्यात घरटी आहेत त्यांची. नाना मान वर करून बघत बसतात, पुढे सरकतच नाहीत."

हे नानांनी कधी सांगितलं नव्हतं. मृणालिनी ऑफिसातून येताना लायब्ररीत गेली. पुस्तकात होतं: बीजिंगच्या जुन्या दरवाजांच्या छपरांत पाकोळ्या घरटी करतात आणि जुलै सरता सरता निघून जातात.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आई लाँड्रीपर्यंत पोचली.

"आता बाग लागली," ती म्हणाली. "फार जुनी झाडं आहेत. म्हाताऱ्यांना काठी द्यावी तसे टेकू दिलेत. पाकोळ्या मात्र आज दिसल्या नाहीत."

बागेनंतर काय, हे मृणालिनीला पाठ होतं. तिनं मागच्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली आपल्या स्वेटरच्या खिशात ठेवली.

शनिवारी सिद्धी नेटबॉलला गेली. आई प्रवासाची साडी नेसून, बूट घालून लाँड्रीत आली.

"मृणाल, दार उघड. ते ताटकळलेत."

"नाही उघडणार."

"का गं?"

"परत आत घेत नाहीत." तिनं खिशातली किल्ली मुठीत धरली. "आई, इतक्यात नको. तू तरी नको."

आईनं तिच्या गालावरून हात फिरवला. तळवा उन्हात ठेवलेल्या भांड्यासारखा गरम होता.

"वेडी. मी कुठे निघालेय? मी त्यांना पोचवायला आलेय. एकटे आले असते तर बावळटासारखे उभे राहिले असते कुठेतरी. मी आतच थांबणार आहे. तुझी शपथ."

मृणालिनीनं किल्ली दिली. दुसऱ्या हातानं आईचं मनगट घट्ट धरलं.

दार उघडलं.

गारठा आत यायला हवा होता. आली ती कोरडी, गरम हवा. धुळीचा आणि तापलेल्या दगडाचा वास आला. समोर ओलं गवत होतं, कपड्यांची दोरी होती. दोरीवरचे चिमटे हलत नव्हते.

"सावकाश जा," आई म्हणाली. "मफलर काढा आता. ऊन आहे."

कितीतरी दिवस आईचा उजवा खांदा किंचित कललेला असे, कुणाच्या आधारानं चालावं तसा. तो सरळ झाला.

"गेले," आई म्हणाली.

मृणालिनीच्या हातातून मनगट सुटलं. मे महिन्यापासून आत दाबलेलं काहीतरी एकदम वर आलं.

"नाना."

ती दाराकडे धावली.

दार उघडं होतं. वाटेत काही नव्हतं. गुडघ्याखाली, दोन्ही पायांवर, काहीतरी सणकन बसलं आणि ती आतच, लाँड्रीच्या जमिनीवर कोसळली.

आईनं दार लावून घेतलं. खाली बसून लेकीचं डोकं मांडीवर घेतलं. मृणालिनी रडली. लहानपणी रडायची तशी, आवाज करून, पुष्कळ वेळ. आई केसांतून हात फिरवत राहिली. तो हात आता थंड होता, म्हाताऱ्या माणसाचा असतो तेवढा.

दुपारी आईनं आंबेहळद उगाळली. दोन्ही नडग्यांवर एकाच उंचीवर आडवा, निळा वळ उठला होता, पट्टी ठेवून ओढल्यासारखा सरळ. डाव्या पायात काहीतरी रुतलं होतं. आईनं चष्मा लावला, सुईनं ते अलगद काढलं आणि बशीच्या काठावर ठेवलं.

जुन्या लाकडाची बारीकशी ढलपी होती. एका बाजूला लाल रंग.

मागचं दार, चौकटीसकट, ॲल्युमिनियमचं होतं.