निवडुंगाची आंघोळ

कुजलेल्या निवडुंगाची त्या आठवड्यातली पाचवी कुंडी परत आली, आणि नेमकं त्याच वेळी दुकानात कोणीतरी खो-खो हसलं. दुकानदाराच्या भाचीच्या अंगाचा तिळपापड झाला.

दुकान मामाचं, कागद आणि रंगांचं. खिडकीजवळचा कोपरा तेवढा तिचा. घरात ठेवायची वाळवंटी झाडं ती तिथे विकायची. पण कुंड्या अशाच परत आल्या तर महिनाअखेर तिथे झेरॉक्स मशीन येणार, असं मामाने कालच बजावलं होतं.

हसणाऱ्या तरुणाच्या हातात कुंडीबरोबर द्यायचं कार्ड होतं. त्यावर जलरंगातला निवडुंग टबात डुंबत होता, डोक्यावर टॉवेल, डोळे सुखाने मिटलेले.

"हसताय काय?" ती कडाडली. "मामाने कुठल्या दीडशहाण्याकडून ही चित्रं काढून घेतली, देव जाणे. लोक हे बघून झाडाला रोज आंघोळ घालतात. पंधरा दिवसांतून घोटभर पाणी पुरतं त्याला."

त्याने कार्ड हळूच खाली ठेवलं. "तो दीडशहाणा... मीच."

ती अडखळली, पण राग काही उतरला नाही. तिने त्याला तिथेच स्टुलावर बसवलं आणि सगळी कार्डं नव्याने काढायला लावली.

मग तो रोज दुपारी येऊ लागला. नव्या कार्डांवर कुठे निवडुंग झारी बघून पळत सुटलेला, कुठे दारावर 'पंधरा दिवसांनी या' अशी पाटी लावून घोरत पडलेला. गिऱ्हाइकं हसायची, आणि हसता हसता लक्षात ठेवायची. कुंड्या परत येणं थांबलं. फक्त चित्रातल्या प्रत्येक निवडुंगाच्या डोक्यावर अंबाडा होता, अंबाड्यात पेन खोचलेलं आणि भुवया चढलेल्या. हुबेहूब ती. त्यावरूनही ती भांडलीच. शांत चेहरा काढायला बसतो, पण तेवढा वेळ तुम्ही शांत राहतच नाही, असं तो म्हणाला. तिने पाठ फिरवली... हसू दिसू नये म्हणून.

महिनाअखेर मामाने मशीनचा बेत सोडून दिला. चित्रकाराने ब्रश धुतले, पेटी मिटली. काम संपलं, उद्यापासून येत नाही, म्हणाला.

"येत नाही म्हणजे?"

"कार्डं झाली ना सगळी."

"कार्डं गेली खड्ड्यात. महिनाभर समोर बसायचं, माझी थट्टा करायची, मला सवय लावायची — आणि आता पेटी उचलून निघालास तू?"

'तू' ऐकून दोघंही थबकले. आतल्या खोलीत मामा उगाचच खाकरला.

"रागात निघालं तोंडून," ती पुटपुटली. मग पुन्हा उसळली. "पण राग तुम्ही जाताय म्हणूनच आलाय. एवढंही कळत नाही?"

त्याने पेटी खाली ठेवली. कान लाल झाले होते त्याचे.

"कळलं," तो म्हणाला. "मग... रागावतच राहा माझ्यावर. ते 'तू' ऐकायला मी रोज येईन."

"चारला ये," ती म्हणाली. "आणि उशीर केलास तर बघ."