तुरीआड

“हे बुजगावनं कोनाचं?”

रुचा दचकून वळली. जऊळक्याजवळच्या त्या फुललेल्या तुरीत तिने तिपाईवर चौफेर पाहणारा कॅमेरा नुकताच उभा केला होता. वावर कुणाचं, हे विचारायचं राहूनच गेलं होतं. बांधावर एक उंच तरुण उभा होता. आवाज करडा, पण डोळे हसरे…

“माझं,” ती ओशाळून म्हणाली. “वावर तुमचं का?”

“हो. देवमन म्हनतात मले.”

मग तिने सगळं सांगितलं. ती कारंज्याच्या घेवरचंद शेटजींची मुलगी, बंगळुरूच्या एका संस्थेत काम करणारी. महिनोन्‌महिने अंतराळात राहणाऱ्यांचं मन बंद भिंतींत कोमेजतं. त्यांनी डोळ्यांवर आभासी जगाचा चष्मा चढवला, की भोवती असं एखादं वावर उभं राहावं, वारा ऐकू यावा… त्यासाठी हे चित्रण.

“मंग घ्या की. पन मी कुठं उभा राहू?”

“कुठंच नाही. या कॅमेऱ्याला पाठ नसते. माणूस दिसायला नको, बोलायला नको.”

म्हणून दोघं तुरीच्या ओळीत दडून बसले, गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ. पिवळ्या फुलांवर मधमाश्या गुणगुणत होत्या. बोलायची चोरी! तिच्या केसांत अडकलेलं फूल त्याने नुसतं नजरेने दाखवलं. काढलं मात्र नाही. रुचाचे कान उगाच तापले.

ती पुन्हा आली. आधी सकाळचं दव हवं म्हणून, मग उतरतं ऊन हवं म्हणून… कारणं संपली, तरी आली.

शेवटच्या संध्याकाळी तिने सांगितलं, “अंतराळात नेण्याआधी हे जमिनीवर तपासायचंय. आम्ही काही जण एका बंद घरात राहणार. पुढच्या दसऱ्यापर्यंत. फोन नाही, भेट नाही.”

कॅमेरा सुरू झाला. दोघं खाली बसले. वारा, माश्या, लांबून बैलांची घुंगरं… आणि मान खाली घालून तो हळूच बोलला,

“माय माह्यासाठी पोरगी पाहून राह्यली, रुचा. मले तुह्याबिगर कोनी नको.”

ती उठली. तिने कॅमेरा बंद केला.

“हे मी कापून टाकणार.”

त्याचा चेहरा उतरला. “काहून?”

“तिथं त्या बंद घरात हे कितीदाही ऐकता येईल, पण मला तुला उत्तर देता येणार नाही. ते मला सोसणार नाही, देवमन. म्हणून उत्तर इथंच देते…” आणि इतके दिवस जपून, पुस्तकी बोलणारी ती आपल्या गावच्या बोलीत म्हणाली, “मायले सांग, पोरगी पाहू नको म्हनावं. मी आजच बाबांशी बोलते. दसऱ्याले येते मी.”

“अन् बाबा नाही म्हनले तं?”

“तरी येते.”

त्याने तिपाई खांद्यावर घेतली आणि मोकळा हात तिच्यापुढे धरला. बांध अरुंद होता. तरी दोघं शेजारी-शेजारीच चालत जऊळक्याच्या स्टेशनकडे निघाले.